विरघळणारा टाका: ताकद कधी जाते, धागा कधी संपतो

विक्रिल या विरघळणाऱ्या टाक्याच्या धाग्याच्या माहितीपत्रकात ‘५६ ते ७० दिवसांत शोषला जातो’ असं छापलेलं असतं. ते वाचून नवा डॉक्टर धरून चालतो, की तेवढे दिवस टाका जखम धरून ठेवणार. प्रत्यक्षात विक्रिलची ताकद दोन आठवड्यांनी सुमारे ७५ टक्के, तीन आठवड्यांनी ५० टक्के आणि चार आठवड्यांनी २५ टक्के उरते. पाचव्या आठवड्याच्या शेवटी त्यात जखम धरण्याइतका जीव राहत नाही. त्यापुढचे काही आठवडे तो शरीरात नुसता पडून असतो.

शरीरात विरघळणाऱ्या प्रत्येक वस्तूला अशा दोन मुदती असतात: ताकद किती दिवस टिकते आणि वस्तू किती दिवसांनी नाहीशी होते. टाका असो, हाडातला स्क्रू असो की रक्तवाहिनीतली जाळी, निवड पहिल्या मुदतीवर करायची. दुसरी मुदत लागते ती रुग्णाला समजावून सांगताना आणि उशिरा उद्भवणाऱ्या तक्रारी ओळखताना.

हे मार्गदर्शन इंटर्न, ग्रामीण भागातले वैद्यकीय अधिकारी आणि ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) सिस्टर यांच्यासाठी आहे. शेवटचा भाग रुग्णाच्या घरच्यांनाही उपयोगी पडेल. वाचून हात बसत नाही. पहिले टाके अनुभवी हाताखालीच घालावेत.

धागा विरघळतो म्हणजे काय होतं

विक्रिल, मोनोक्रिल, पीडीएस हे कृत्रिम धागे पाण्याने तुटतात. ऊतींमधलं पाणी धाग्यात शिरतं आणि रेणूंच्या लांब साखळ्या मधेमधे कापत जातं. साखळ्या आखूड झाल्या की ताकद जाते, वजन मात्र जवळजवळ तेवढंच असतं. आडावरचा जुना दोर दिसायला अख्खा असतो, पण भरली बादली वर ओढताना तुटतो, तसंच हे. नंतर तुकडे इतके बारीक होतात की ते विरघळून जातात आणि शरीर त्यांची विल्हेवाट लावतं.

कॅटगटचं वेगळं आहे. तो मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्यातल्या कोलॅजेनपासून बनतो आणि शरीरातली पाचक द्रव्यं व पेशी त्याला पचवतात. म्हणून त्याचा भरवसा कमी. जखमेत पू झाला तर तो ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी गळतो. साध्या कॅटगटची ताकद ७ ते १० दिवस, क्रोमिकची (क्रोमियमच्या क्षाराची प्रक्रिया केलेल्या कॅटगटची) २१ ते २८ दिवस धरतात, पण हे आकडे निरोगी जखमेतले. कृत्रिम धागा हाताशी असेल तर कॅटगट वापरायचं कारण उरत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कोणत्या जागी कोणता

आधी ऊतीला किती दिवस आधार लागतो ते पाहा. तोंडातली किंवा योनीमार्गातली अंतस्त्वचा आठवडा-दहा दिवसांत जुळून येते. कातडीची ताकद तीन आठवड्यांनी मूळच्या जेमतेम २० टक्के असते आणि ८० टक्क्यांच्या आसपास जायला सुमारे तीन महिने लागतात. पोटाच्या मध्यरेषेवरचा पांढरा पडदा सगळ्यांत सावकाश भरतो. तिथे कित्येक आठवडे आधार हवाच.

योनीमार्ग, पेरिनियम (योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग), ओठाच्या आतली बाजू: विक्रिल रॅपिड (लवकर ताकद सोडणारा विक्रिल), २-० किंवा ३-० (हे आकडे धाग्याच्या जाडीचे, ते पुढे समजावले आहेत). पाचव्या दिवशी ताकद निम्मी, दहा ते चौदा दिवसांत संपलेली, सहा आठवड्यांत धागा नाहीसा. टाके काढायला बाईला पुन्हा यावं लागत नाही.

कातडीच्या आतून धावता टाका: मोनोक्रिल ३-० किंवा ४-०. हा एकपदरी आणि मऊ असतो, ऊतीतून सुळकन सरकतो. पण ताकद लवकर सोडतो: रंग न दिलेल्या मोनोक्रिलची ताकद आठवड्याने ५० ते ६० टक्के, दोन आठवड्यांनी २० ते ३० टक्के. म्हणून ज्या कातडीवर ताण आहे तिथे खालच्या थरात विक्रिलचे आधाराचे टाके घालून मगच वरून मोनोक्रिल फिरवा.

सिझरमध्ये गर्भाशय: विक्रिल नंबर १. आतडं: ३-० विक्रिल किंवा पीडीएस. मूत्राशय: विरघळणाराच धागा, न विरघळणारा धागा आत राहिला तर त्याच्याभोवती क्षार साचून खडा बनतो.

पोटाची मध्यरेषा: पीडीएस. चार आठवड्यांनी ७० टक्के, सहा आठवड्यांनीही ६० टक्के ताकद. पूर्ण जायला सहा महिने किंवा जास्त. इथे विक्रिल वापरला तर पडदा भरायच्या आत धागा हात सोडतो आणि महिन्या-वर्षांनी त्या जागी हर्निया फुगतो.

मधुमेह, कुपोषण, स्टिरॉइड चालू असणं, दीर्घ खोकला: यांतलं काहीही असेल तर जखम उशिरा भरणार हे गृहीत धरून जास्त काळ टिकणारा धागा घ्या.

आणि काही जागा अशा की तिथे विरघळणारा धागा नकोच: हर्नियाची जाळी बसवणं, कृत्रिम रक्तवाहिनी जोडणं, हृदयाची झडप, हाताच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर). तिथे सहसा प्रोलीनसारखा कायमचा धागा. लहान मुलाची रक्तवाहिनी जोडताना मात्र सर्जन मुद्दाम पीडीएसकडे वळतात, कारण मूल वाढतं तशी जोडही रुंद व्हायला हवी. कायमचा धागा तिला आवळून ठेवतो.

पाकीट आणि कपाट

जाडीचा आकडा उलटा चालतो. शून्यं जितकी जास्त तितका धागा बारीक: ४-० हा ०.१५ ते ०.१९९ मिलिमीटर, ३-० हा ०.२० ते ०.२४९, २-० हा ०.३० ते ०.३३९, नंबर १ हा ०.४० ते ०.४९९. जखम धरू शकेल एवढा सगळ्यांत बारीक धागा निवडा. जाड धागा म्हणजे शरीरात जास्त परकी वस्तू आणि मोठी गाठ. कातडीखालच्या मोठ्या गाठी पुढे त्रास देतात.

पाकिटावर पाच गोष्टी बघायच्या: धाग्याचं रासायनिक नाव, जाडी, लांबी, सुईचं चित्र आणि वापराची अंतिम तारीख. कंपनीचं नाव बदललं तरी रासायनिक नाव बदलत नाही. पॉलिग्लॅक्टिन ९१० म्हणजे विक्रिलचा प्रकार, पॉलिग्लेकॅप्रोन २५ म्हणजे मोनोक्रिलचा, पॉलिडायॉक्सॅनोन म्हणजे पीडीएसचा. गोंधळ होतो तो विक्रिल आणि विक्रिल रॅपिडचा, कारण दोन्हींवर पॉलिग्लॅक्टिनच छापलेलं असतं. रॅपिड रंगहीन असतो, साधा विक्रिल बहुधा जांभळा. पण साधा विक्रिल रंगहीनही मिळतो, तेव्हा रंगावर विसंबू नका. गर्भाशयावर चुकून रॅपिड गेला तर पाचव्या दिवशी अर्धी ताकद गेलेली असेल.

साठवण २५ अंशांच्या आत, कोरड्या जागी. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ वर जातो आणि कोकणात पावसाळ्यात भिंतींना ओल येते; दोन्ही या धाग्यांचे वैरी. पुष्कळ ठिकाणी टाक्यांचं कपाट ऑटोक्लेव्हच्या (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) खोलीत असतं, कारण ती ओटीला लागून असते. ते तिथून हलवा. पाकिटांच्या गठ्ठ्याला घट्ट रबर लावू नका, स्टेपल तर मुळीच मारू नका. फॉइलला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी आत हवेतली ओल शिरते आणि धागा कपाटातच विरघळू लागतो. ज्याची मुदत आधी संपते ते पाकीट पुढे ठेवा.

फॉइल उघडलं की उरलेला धागा टाकून द्यायचा. स्पिरिटमध्ये किंवा बीटाडीनमध्ये बुडवून पुढच्या रुग्णासाठी ठेवायची सवय काही ठिकाणी अजून दिसते. त्याने धागा निर्जंतुक राहत नाही आणि ताकद किती उरली हे कुणालाच कळत नाही. ऑटोक्लेव्ह केला तर वाफ आणि उष्णता मिळून साखळ्या तिथेच तोडतात.

सुई आणि गाठ

कातडीला रिव्हर्स कटिंग (धारदार कडांची) सुई, आतड्याला आणि स्नायूला राउंड बॉडी (गोल, धार नसलेली). कटिंग सुई आतड्यात घातली तर तिने पाडलेला चिरा ताणाखाली फाटत जातो. होल्डरने (सुई धरायच्या पकडीने) सुई धाग्याच्या टोकापासून एक तृतीयांश ते अर्ध्या अंतरावर पकडा. धागा जिथे जोडलेला असतो तिथे सुई पोकळ असते, तिथे धरली की वाकते किंवा तुटते. सुई ऊतीत काटकोनात शिरवा आणि मनगट फिरवून तिच्या गोलाईनेच बाहेर काढा.

पीडीएस आणि मोनोक्रिल पाकिटातून वेटोळं घेऊनच बाहेर येतात. दोन्ही हातांनी हलका ताण देऊन सरळ करा. झटका देऊ नका. आत राहणारा भाग होल्डरच्या जबड्यात कधीही पकडू नका. एकपदरी धाग्यावर दाताचा एक ठसा उमटला की तिथे तो तुटणार, आणि तो तुटतो पोट बंद झाल्यावर, रुग्णाला खोकला आला की.

गाठीत पहिला वेढा दुहेरी घ्या, म्हणजे दुसरा घेईपर्यंत सरकत नाही. दुसरा वेढा पहिल्याच्या उलट दिशेने, तिसरा पुन्हा उलट. दोन वेढे एकाच दिशेने गेले की ती गाठ दिसायला पक्की आणि प्रत्यक्षात सुटणारी होते. प्रत्येक वेढा आडवा, सपाट बसवा. एक टोक ताणलेलं आणि दुसरं सैल ठेवलं तर गाठ न होता नुसता सरकता फास होतो. विक्रिलला दुहेरी अधिक दोन वेढे, ताणाच्या जागी एक जास्त. पीडीएस गुळगुळीत असतो, त्याला दुहेरी अधिक चार तरी हवेत. टोकं विक्रिलची ३ मिलिमीटर, पीडीएस आणि कॅटगटची ५ मिलिमीटर ठेवा. कॅटगट ओला झाला की फुगतो आणि गाठ सैलावते.

कडा एकमेकींना फक्त टेकवायच्या. पहिले दोन-तीन दिवस जखमेला सूज येते, तेव्हा आज बेताचा वाटणारा टाका उद्या आवळला जाणारच असतो. घट्ट टाक्याखालचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि ऊती कापली जाते. टाका सुटण्यापेक्षा टाक्याने ऊती कापली जाऊन जखम उघडणं जास्त वेळा घडतं.

कातडीखालची गाठ खोल गाडायची असेल तर सुई खालून वर घाला, दुसऱ्या कडेला वरून खाली आणा. दोन्ही टोकं तळाशी येतात आणि गाठ तळाशी बसते. विक्रिलचे टाके कातडीवर उघडे घालू नका. बाहेर राहिलेला भाग कोरडा असतो, त्यामुळे तो विरघळत नाही, खपली धरतो आणि डाग मागे ठेवतो.

एपिझिओटॉमी शिवताना

एपिझिओटॉमी म्हणजे बाळंतपणात योनीमुखाशी दिलेला छेद. चांगला उजेड आणि पुरेशी भूल असल्याशिवाय तो शिवायला सुरुवात नको. आधी योनीमार्गातल्या चिराचं वरचं टोक बोटाने शोधा. पहिला टाका त्या टोकाच्या १ सेंटिमीटर वर घाला. कापलेल्या रक्तवाहिन्या आखडून वर सरकलेल्या असतात. टाका नेमका टोकावर घातला तर त्या बाहेर राहतात, रक्त आत साचतं आणि काही तासांनी बाई ‘खाली दाब येतोय, बसवत नाही’ म्हणू लागते.

२-० विक्रिल रॅपिडने तिथून धावता, न अडकवलेला, सैलसर टाका हायमेनच्या (योनीमुखाशी असलेल्या पडद्याच्या) कडेपर्यंत आणा. त्याच धाग्याने स्नायूंचा थर जोडा. तळाशी पोकळी राहू देऊ नका. मग तोच धागा कातडीच्या आतून फिरवत वर या आणि गाठ योनीमार्गाच्या आत बांधा. सलग टाक्याने सुट्या टाक्यांपेक्षा दुखणं कमी राहतं. शेवटी गुदमार्गात बोट घालून तपासा. टाका आतड्यात गेला असेल तर बोटाला लागतो आणि तो त्याच वेळी काढून पुन्हा शिवावा लागतो, नाहीतर तिथून फिस्टुला (आतडं आणि योनीमार्ग यांच्यामधली नको असलेली वाट) होऊ शकतो. कापसाचे बोळे आणि सुया मोजूनच उठा.

पोटाची मध्यरेषा

जुनी पद्धत कडेपासून १ सेंटिमीटर आत आणि १ सेंटिमीटर अंतराने टाके घालायची. २०१५ साली नेदरलँड्समधली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात छोटे टाके, म्हणजे कडेपासून ५ मिलिमीटर आणि एकमेकांपासूनही ५ मिलिमीटर, २-० पीडीएसने घातले; वर्षभरात हर्नियाचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आलं. छोट्या टाक्यात फक्त पांढरा पडदा घ्यायचा, चरबी आणि स्नायू नाही. मोठ्या टाक्यात सापडलेली चरबी आणि स्नायू दाबाने मरतात, टाका सैल पडतो आणि कडा दूर जातात. ही चाचणी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांची होती. पू भरलेल्या पोटाला ती जशीच्या तशी लावू नका.

वापरलेल्या धाग्याची लांबी जखमेच्या लांबीच्या किमान चौपट हवी, आणि हे मोजायचं असतं. १५ सेंटिमीटरचा चिरा असेल तर ६० सेंटिमीटर. दोन धागे ७०-७० सेंटिमीटरचे घेतले, उरलेले तुकडे पट्टीवर ३० आणि ३५ भरले, म्हणजे वापर ७५. पंधराने भागले की पाच. बरोबर. उत्तर चारच्या खाली आलं तर टाके लांब-लांब पडलेत किंवा धागा ओढला गेलाय. सिस्टरने उरलेले तुकडे पट्टीवर ठेवून आकडा सांगायचा, एवढी शिस्त लावली तरी खूप फरक पडतो.

हाडातले विरघळणारे स्क्रू

गुडघ्याच्या लिगामेंटसाठी पॉलिलॅक्टाइडचे स्क्रू वापरतात. हाडातला बोगदा आधी नीट आटे पाडून तयार करा, वाट दाखवणाऱ्या तारेवरून स्क्रू बोगद्याला समांतर सरकवा आणि ड्रायव्हर स्क्रूच्या तळापर्यंत पूर्ण बसल्याची खात्री करा. धातूच्या सवयीने जोर लावला किंवा ड्रायव्हर अर्धवट बसलेला असला तर स्क्रू पिळवटून तुटतो.

पॉलिलॅक्टाइड नाहीसं व्हायला दोन ते पाच वर्षं, कधी अधिकही लागतात. जाड स्क्रू आतून आधी कुजतो, कारण तयार झालेलं आम्ल आतच कोंडतं. ते एकदम बाहेर पडलं की हाड खाल्लं जातं, गुडघ्यात पाणी होतं. तपासणीत जंतू मिळत नाहीत. हे आम्ल शमवायला काही स्क्रूंमध्ये कॅल्शियम फॉस्फेट मिसळलेलं असतं. निव्वळ पॉलिलॅक्टाइडचे स्क्रू एक्स-रेत दिसत नाहीत, एमआरआयत दिसतात. मॅग्नेशियमचा स्क्रू विरघळताना हायड्रोजन वायू सुटतो आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत एक्स-रेत त्याच्याभोवती काळपट कडं दिसतं. ते जंतुसंसर्ग समजून घाईने स्क्रू काढू नका. ताप, लाली, वाढतं दुखणं आहे का ते आधी बघा.

हृदयाच्या धमनीतली विरघळणारी जाळी हे मुदतींच्या गणिताचं महागडं उदाहरण. ‘ॲब्सॉर्ब’ नावाच्या अशा जाळीला अमेरिकेत २०१६ साली परवानगी मिळाली आणि २०१७ साली ती विक्रीतून काढली गेली, धातूच्या स्टेंटपेक्षा तिच्यात रक्ताच्या गुठळ्या जास्त झाल्या. पॉलिमरला धातूची ताकद द्यायला तिच्या काड्या जाड ठेवाव्या लागल्या होत्या.

घरी

कातडीखाली विरघळणारे टाके असतील तर दोन दिवसांनी साध्या पाण्याने अंग धुता येतं. जखम चोळू नका, स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करा. हळद, राख, खोबरेल, टूथपेस्ट काही लावू नका. दोरा बाहेर दिसला तर ओढू नका, खाली बराच अजून गुंतलेला असतो.

कधीकधी दोन आठवडे ते तीन महिन्यांत जखमेच्या रेषेवर मोहरीएवढी पुळी येऊन तिच्यात पांढरं किंवा जांभळं टोक दिसतं, थोडा पातळ स्राव येतो. ही शरीराने बाहेर ढकललेली गाठ असते. डॉक्टर निर्जंतुक कात्रीने ती काढतात आणि जागा भरते. ताप आणि पसरणारी लाली नसेल तर घाबरण्याचं कारण नाही.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे भरलेली कळशी, गॅसचा सिलिंडर, मोठं लेकरू उचलू नका. पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान पोटाच्या पट्टीतून अचानक गुलाबीसर पाणी भरपूर आलं तर ती आतली शिवण उसवल्याची खूण असू शकते. रुग्णाला आडवं करा, तोंडाने काही देऊ नका, आतडं बाहेर दिसत असेल तर आत ढकलू नका. सलाइनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक कापड झाकून लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. १००.४ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप, पू, उघडलेली जखम किंवा वाढत जाणारी लाली असेल तर त्याच दिवशी दाखवा.

डिस्चार्ज कार्डवर ‘टाके विरघळणारे’ एवढंच लिहिणं अपुरं आहे. पुढचा डॉक्टर वेगळा असतो आणि रुग्णाला धाग्याचं नाव आठवत नाही. असं लिहा: ‘मध्यरेषा: पॉलिडायॉक्सॅनोन २-०, सलग. कातडी: पॉलिग्लेकॅप्रोन ४-०, आतून. टाके काढायचे नाहीत. धागा साधारण सात-आठ महिने आत राहील. सहा आठवडे वजन उचलणं बंद.’ पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर केसपेपरवर चिकटवा.